वेलावर वाळलेला भोपळा

४ फेब्रुवारी १९५८, बावडा. आज शेवटचे भोपळे उतरवले. वेल वाळून सुतळीसारखे झालेत, पानं गळून गेलीत आणि नीरेकाठच्या आमच्या तुकड्यात भोपळे तेवढे उघडे पडलेत. काम अवघड नाही, पण घाईनं होत नाही. आधी देठाजवळचा कुरळा तंतू पाहायचा. तो पार वाळून मोडायला आला असला पाहिजे. मग टिचकी मारायची. आवाज कोरडा आला तरच विळा लावायचा, तोही वीतभर देठ राखून. मग फडक्यानं माती पुसायची आणि कानाशी धरून हलवायचा. आत बिया खुळखुळल्या की भोपळा झाला. शिंक्यात घालून छपरात टांगून ठेवायचा.

हे भोपळे खायचे नव्हेत. हे कडू, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. यांच्या सतारी होतात, तंबोरे होतात. मिरजेचे कारागीर दर माघात येतात, छपरात फिरतात, टिचक्या मारतात आणि गाडी भरून घेऊन जातात. वांगी, मिरची, कांदा हे आमचं नेहमीचं पीक. भोपळा बांधाच्या कडेचा. पण नाव मिळालं ते त्याचंच, आणि एकदा गेलं तेही त्याच्यामुळेच.

यंदा एक भोपळा असा आलाय की तो मी सगळ्यात शेवटी उतरवला. बूड गोल, कुठं चपटा नाही, एक डाग नाही. घरात एक जुना गाठी मारलेला दोरा आहे. तो आणून भोपळ्याच्या पोटाभोवती फिरवला. गाठीला गाठ बसली. तो दोरा मी आठवण म्हणून ठेवलेला नाही. ते एक माप आहे आणि मापं कोणी फेकून देत नाही.

दोरा ज्यांच्या मापाचा, त्यांचं नाव गणपतराव. ते माझे नवरे. संसारात होते तोवर उखाण्याशिवाय मी त्यांचं नाव घेतलं नाही. आता लिहायला हरकत नाही.

गणपतराव सतार वाजवायचे. शेतकऱ्याच्या घरात सतार कुठून आली, असं नवीन माणूस विचारायचा. लहानपणी ते एका नाटक कंपनीबरोबर पळून गेले होते. कंपनी बुडाली तेव्हा परत आले, ते एक जुनी सतार घेऊन. मी बारामतीच्या मास्तरांची मुलगी. सात यत्ता शिकलेली. वडलांना वाटलं, जावई कलावंत आहे, मुलगी चार शहाण्या माणसांत राहील. मी बावड्याला आले आणि गुऱ्हाळात राहिले.

वाजवायचे मात्र चांगले, हे मी नाकारत नाही. संध्याकाळी ओसरीवर बसले की दावणीची गुरं चघळायची थांबतात, असं सासूबाई सांगायच्या. गुरं काही थांबायची नाहीत. माणसं थांबायची. डोक्यावर पाचटाचा भारा घेतलेली बाई कुंपणापाशी उभी राहायची आणि भारा आहे हे विसरायची. मीही चुलीपुढं थांबत असे. एखादा सूर ते तारेवरून असा ओढत न्यायचे की आपला श्वास सोडायचा राहून जायचा. मग भाकरी करपल्याचा वास यायचा.

त्यांचे हात हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा व्याप होता. डाव्या हाताच्या दोन बोटांना तारेनं चर पडले होते. जुन्या विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोरानं पडतात, तसे. ते चर मऊ पडता कामा नयेत, म्हणून वाजवण्याआधी त्या हाताला पाणी लावायचं नाही. अंघोळीला मी पाणी घालायची आणि ते डावा हात बाहेर धरून बसायचे, कोर्टात शपथ घेतल्यासारखे. भाकरी मोडायची ती उजव्या हातानं. कासरा धरायचा नाही, पोहरा ओढायचा नाही, पेटीचं झाकणही उचलायचं नाही. झाकण बोटावर पडलं तर? उजव्या हाताच्या बोटावर नखीचा तारेचा वळ कायम असायचा. नखी म्हणजे ती तारेची टोकदार अंगठी, जिनं सतार छेडतात. तो वळ ते पाहुण्यांना दाखवायचे.

सासूबाई रोज खोबरेल कोमट करून त्यात मेणाचा खडा विरघळवायच्या आणि पितळी डबीत भरून ठेवायच्या. ते त्यांच्या बोटांसाठी. गुऱ्हाळाच्या दिवसांत माझ्या हातांवर पाचटाचे काप असायचे. पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला. कागदासारखा दिसतो आणि वस्तऱ्यासारखा कापतो. काहिलीतला उकळता पाक उडाला तर त्याचे फोड वेगळे. एकदा मी त्या डबीत बोट घातलं.

सासूबाई म्हणाल्या, “आगं, ते गणपाच्या हातांचं त्याल हाय.”

त्या रागावल्या नव्हत्या. चुकीच्या भांड्यात हात घातला तर सांगतात, तसं सांगितलं. मी डबी होती तिथं ठेवली आणि कापावर हळद दाबली. हळदीनंही बरं होतं.

एका थंडीत मी त्यांना लाल लोकरीचे हातमोजे विणून दिले होते. ते घालून ते गुऱ्हाळावर यायचे. चुलाणापाशी घामाच्या धारा लागलेली उघडी माणसं, आणि त्यांच्यात हे लाल हात. माझे धाकटे दीर बापू सगळी शेती बघायचे. ते म्हणायचे, “दादा, हातांना सोवळं नेसवलंय व्हय?”

गूळ करणारा गुळव्या काहिलीत फावडं फिरवत बोलायचा, “ऱ्हाऊ द्या बापू. रावांच्या हाताला आपला गूळ चिकटला तर सतारीला मुंग्या लागतील.”

गणपतराव हसायचे. त्यांना राग यायचा नाही. सगळं घर आपल्या दहा बोटांसाठी राबतं, हे ज्याला ठाऊक असतं त्याला राग कशाला येईल?

नाटक कंपनीतली ती जुनी सतार कुणा बुटक्या माणसासाठी केलेली होती. गणपतराव उंच, हात लांब. सतार मांडीवर नीट बसायची नाही, खांदा अवघडायचा. मुंबईच्या रेडिओवर वाजवायचं असेल तर आधी तिथं परीक्षा द्यावी लागते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. चैत्र संपल्यावर परीक्षेला बोलावणं यायचं होतं. त्याच्यासाठी त्यांना स्वतःच्या मापाची सतार हवी होती.

मिरजेचे हुसेनभाई भोपळे न्यायला आमच्याकडे यायचेच. त्यांनी गणपतरावांना ओसरीवर मांडी घालून बसवलं. खांद्यापासून कोपरापर्यंत, मांडीपासून छातीपर्यंत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत अशी मापं घेतली आणि दोऱ्याला गाठी मारल्या. कपडे शिवणारासुद्धा इतकी मापं घेत नाही. मग दोरा माझ्याकडे दिला.

“वहिनी, भोपळ्याच्या पोटाला ही गाठ बसली पायजे. कमी न्हाय, जास्ती न्हाय. बाकीचं माझ्यावर सोडा.”

आषाढात मी बी टोकलं. वेलाला फळं धरली तेव्हा नारळाएवढा असताना एक भोपळा निवडला आणि त्या वेलाची बाकीची खुडून टाकली. त्याच्याखाली गवताची चुंबळ करून ठेवली आणि त्याला उभा बसवला, म्हणजे बूड गोल होतं. चार-आठ दिवसांनी जरा फिरवायचा, पण देठाला पीळ पडू द्यायचा नाही. आश्विनातल्या उन्हात वरून पाचट पांघरायचं. दोरा फिरवून पाहायचा. बायका म्हणायच्या, शांताबाईनं भोपळ्यालाच लेकरू मानलंय. मला मूल नव्हतं, म्हणून ही उपमा त्यांना सुचायची. मला ती कधी आवडली नाही. भोपळा हा भोपळा असतो. तो नीट यावा, असं मला वाटत होतं, कारण माझं काम नीट व्हावं असं मला नेहमीच वाटतं.

कार्तिकात गाठ बसली. भोपळा वाढायचा थांबला. आता त्याला काही करायचं नव्हतं. पाणी तोडायचं आणि वेलावर वाळू द्यायचा, एवढंच. पण हेच लोकांना जमत नाही. भोपळा बाहेरून आधी वाळतो. साल टणक होते, रंग येतो, बघणाऱ्याला वाटतं, झाला. आत गर ओला असतो. वेलाबरोबर तो सावकाश आटतो, तेव्हा भिंत सगळीकडून सारखी होते. उतरवल्यावरही छपरात एक उन्हाळा काढावा लागतो. म्हणजे त्या भोपळ्याची सतार चैत्रात होणं शक्यच नव्हतं. हे मी गणपतरावांना सांगितलं होतं. परीक्षा जुन्या सतारीवर द्या, पुढच्या साली नवी होईल.

ते म्हणाले, “तू तुझं शेत बघ.”

पौषात बारामतीहून सांगावा आला. वडलांना ताप भरला होता आणि तो उतरत नव्हता. माझी आई नाही, भाऊ नाही. मी मोटारीनं बारामतीला गेले. पंधरवडाभर त्यांच्या उशाशी बसले, पेज भरवली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. ताप उतरला तेव्हा ते इतके उतरले होते की काठीशिवाय उभं राहता येईना. त्यांना उभं करून मी परत आले.

घरी आले ती तशीच शेतात गेले. चुंबळ होती, भोपळा नव्हता. देठ मुळाशी तोडलेला होता. विळ्यानं नव्हे, पिरगाळून. ज्यांनी कधी भेंडी चिरली नाही, त्या हातांनी.

गुऱ्हाळावर गेले. चुलाणाच्या वर, जिथं काहिलीची वाफ आणि चिपाडांचा धूर जातो, तिथं आढ्याला भोपळा टांगलेला होता. तांबूस झालेला. बापू खाली मान घालून चिपाडं सारत होते.

मी विचारलं, “बापू, हे कुणी केलं?”

“दादानं. म्या न्हाय म्हनलं, वयनी. आयकतंय कोन?”

गणपतराव हातमोजे घालून आले आणि भोपळ्यावर टिचकी मारून दाखवली. “ऐक. वाळला की नाही?”

मीही टिचकी मारली. बाहेरची साल वाजत होती, आतलं पोट वाजत नव्हतं. मी म्हटलं, “अहो, हा आत ओला आहे. वर भाजलाय नुसता. फुटेल.”

“नादातलं तुला काय कळतं?”

मला नादातलं कळत नव्हतं. भोपळ्यातलं कळत होतं. पण त्या दिवसांत आमच्या घरी हे दोन वेगळे विषय होते.

हुसेनभाई आले आणि भोपळा घेऊन गेले. त्यांनीही टिचकी मारली होती. माझ्याकडे एकदा पाहिलंही होतं. पण गिऱ्हाईक घाई करत होतं. सतार चैत्राच्या तोंडावर तयार होऊन आली. फार देखणी झाली होती, हे खरं. दांडीवर हस्तिदंती रंगाच्या वेलबुट्ट्या, भोपळ्याला असं रोगण की त्यात तोंड दिसावं. गणपतरावांच्या मांडीवर ती जन्मापासून तिथंच असल्यासारखी बसली. खांदा मोकळा झाला. मी मनात म्हटलं, असेलही माझी चूक. टिकेलही.

रामनवमीला बारामतीत एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या माडीवर त्यांचं वाजवणं ठरलं. त्याच्या मुली गणपतरावांकडे शिकत होत्या. परीक्षेआधी चार जाणत्यांपुढं सतार वाजून जावी, असा बेत होता. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. आम्ही बायका दाराच्या आत बसलो होतो. वडील काठी टेकत आले होते आणि पुढच्या ओळीत बसले होते. जावयाची नवी सतार बघायला. मुलीनं पिकवलेला भोपळा आहे, हे ते शेजाऱ्याला सांगत होते, ते मला आतून ऐकू आलं.

अर्धा तास फार सुंदर गेला. मग गणपतरावांनी सूर ओढला आणि उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं, तसा आवाज आला. बोटं तारेवरच होती. भोपळ्याला वरपासून बुडापर्यंत चीर गेली होती.

गणपतरावांनी सतार मांडीवरून बाजूला ठेवली, दोन्ही हात वर केले, तळवे लोकांकडे धरले आणि हसले.

“मंडळी, माफी असावी. दोष या हातांचा नाही, कारागिराचाही नाही. भोपळा आमच्या घरच्यांनी पिकवलेला. कच्चाच तोडला. शेतात राबणारी बाई, तिला काय कळावं!”

लोक हसले. वाईट हसले नाहीत. अवघडलेली वेळ टळली की हसतात, तसे हसले. वडलांनी मान खाली घातली.

मी उठून बाहेर गेले नाही. परक्या माडीवर, पन्नास पुरुषांत, नवऱ्याला खोटं ठरवणारी बाई त्या दिवशी खरी ठरली नसती, हे मला ठाऊक होतं. पण वडलांना घरी नेताना रस्त्यात सांगितलं.

“अण्णा, भोपळा मी तोडला नाही. तो तोडला तेव्हा मी इथं तुमच्यापाशी होते.”

ते थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, “तेच म्हणतोय मी, बाळ. माझ्या दुखण्याचा सांगावा आला आणि तुझी घाई झाली. जायच्या आधी तोडून ठेवलास. माझ्यापायी झालं हे.”

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. “असू दे. चुकतं माणूस. मनाला लावून घेऊ नकोस.”

जावई भरल्या सभेत खोटं बोलेल, हे त्यांच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. मुलगी चुकली, हे शिरलं. आणि मुलगी आपल्या आजारापायी चुकली, हे त्यांनी कायमचं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. पुढं दोन वर्षांनी ते गेले. शेवटच्या आजारात मी गेले तर म्हणाले, “शेतातलं काही अर्धवट टाकून आली नाहीस ना?” अजून कधी कधी वांगी तोडताना तो प्रश्न मला ऐकू येतो आणि मी टोपली खाली ठेवते. मग पुन्हा उचलते.

गणपतराव जुन्याच सतारीवर परीक्षेला गेले. पास झाले नाहीत. पण मुंबईत त्यांना सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायचं काम मिळालं आणि ते तिकडेच राहिले. आधी सणाला यायचे, मग तेही बंद झालं. तिकडे त्यांनी दुसरं घर केलं, असं कळलं. त्या घरातही डबीत तेल असेल आणि ते कुणीतरी कोमट करत असेल. सासूबाई गेल्या तेव्हा आले होते. उत्तरकार्याला पिंडाची भांडी उचलायला वाकले आणि थांबले. बापूंनी उचलली.

बारामतीतलं बोलणं बारामतीत राहिलं नाही. मिरजेपर्यंत गेलं. बावड्याच्या त्या बाईचे भोपळे कच्चे असतात. दुसऱ्या माघात एकही कारागीर आला नाही. तिसऱ्याही नाही. छपरात भोपळे लटकत राहिले. पोरांनी ते पाठीला बांधून नीरेत पोहायला नेले, बायकांनी बी ठेवायला नेले. बापू म्हणाले, “वयनी, सोडा हे. त्या बांधाला तूर लावू.” मी सोडलं नाही.

चौथ्या वर्षी मी बापूंना घेऊन पंढरपुराहून रेल्वेनं मिरजेला गेले. बरोबर बारदानात बांधलेले सहा भोपळे. कारागिरांच्या गल्लीत एका दुकानापुढं बसले आणि म्हटलं, यातला कोणताही एक निवडा. त्यांनी निवडला. मी त्यांचीच करवत मागून घेतली आणि सगळ्यांसमोर तो मधोमध कापला. आतून कागदासारखा कोरडा, भिंत सगळीकडं सारखी. त्यांनी बोटं फिरवून पाहिली. हुसेनभाईंनीही पाहिली. त्या माघापासून गाड्या परत यायला लागल्या. मी त्यांना मागचं काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. भोपळे चांगले होते. धंद्यापुरतं तेवढं बास होतं.

आज दुपारी हुसेनभाई आले. आता दाढी पांढरी झालीय, गुडघे दुखतात. छपरात फिरून त्यांनी भोपळे निवडले आणि त्या मोठ्या भोपळ्यापाशी येऊन थांबले. मग ओसरीवर चहा घेत घेत म्हणाले, “ह्यो मात्र मला पायजेच, वहिनी. खास मापाची सतार हाय.”

मी म्हटलं, “कुणाची?”

“हाय एक मुंबईचं गिऱ्हाईक.”

“मापाचा दोरा दाखवा.”

ते चहाच्या बशीत बघत राहिले. त्यांना खोटं बोलता येत नाही. गप्प राहता येतं, तेवढंच. शेवटी बशी खाली ठेवली.

“सांगू नगा म्हनले होते ते. गणपतरावच. डाव्या हाताचं एक बोट आखडलंय त्यांचं. आत्ताची सतार झेपत न्हाय. हलकी पायजे, पन पोट तेवढंच पायजे. म्हनले, भोपळा बावड्याचाच घ्या, आमच्या वेलाचा. तसला दुसरा कुटं हुत न्हाय.”

आमच्या वेलाचा.

मग विचारलं, “हुसेनभाई, माझे भोपळे कच्चे असतात ना? त्यांनी बारामतीत सांगितलंय तसं.”

“आवो वहिनी, ते काय मनावर घेता? त्यांनीच सांगितलंय आमाला, भोपळा कुनी तोडला त्ये. दुकानात बसून, हसत हसत. म्हनले, घाई नडली बघा आपली. दिलदार मानूस हाय.”

“कधी सांगितलं?”

“झाली की दोन-तीन वर्सं.”

म्हणजे मिरजेच्या दुकानात, चार कारागिरांत, चहा पिताना. जिथं ते सांगायला काही किंमत पडत नाही, तिथं सांगून झालं होतं. वरून दिलदार ठरले होते.

मी म्हटलं, “भोपळा देईन. पण त्यांना बारामतीला येऊ द्या. त्याच माडीवर. त्यांनी तिथं एवढंच सांगायचं, भोपळा मी तोडला. दुसरं काही नको.”

हुसेनभाई हसले, मग माझ्याकडं बघून हसायचे थांबले. “आता कोन ऱ्हायलंय वहिनी तितं? त्यो शेठ गेला, पोरींची लग्नं झाली. तुमचं वडील बी गेलं. कोन आयकनार?”

“मी आहे.”

ते सकाळी इंदापूरहून गाडी घेऊन येतो म्हणाले आणि उठले. दारातून वळून म्हणाले, “इचार करा. हात हायेत त्यांचं. असलं हात परत हुत न्हायत.”

बापू गोठ्यापाशी उभे राहून सगळं ऐकत होते. म्हणाले, “वयनी, द्या न्हाईतर नगा देऊ. पन रागात काय करू नगा.”

मी रागात नाही. राग मला त्या रामनवमीला आला होता आणि मी तो तेव्हाच पाचटासारखा चुलाणात घातला. आता राहिलंय ते वेगळं आहे. ते तापत नाही, त्यामुळे विझतही नाही. संध्याकाळभर मी छपरात त्या भोपळ्याखाली बसून बाकीच्यांची शिंकी बांधली. हात चालत होते. मी माझे हात कधी नीट पाहत नाही, आज पाहिले. पाचटाचे जुने काप पांढरे पडलेत, पाकाच्या डागांवर कातडी ताणलेली आहे, उजवा अंगठा विळ्याच्या मुठीनं कायमचा वाकडा झालाय. या हातांसाठी कुणी दोऱ्याला गाठ मारली नाही. तरी कुठलंही काम यांनी अजून परत पाठवलेलं नाही.

कोणी म्हणेल, सतारीचा काय दोष? चांगला भोपळा, चांगला वाजवणारा, त्यात बाईनं आड का यावं? मलाही हे कळतं. तो सूर मला अजून आठवतो, भाकरी करपवणारा. पण मी तो सूर ऐकला आणि त्याच माडीवरचं हसूही ऐकलं. एक आठवलं की दुसरं आठवतंच. माझ्या भोपळ्यातून तो सूर पुन्हा निघेल आणि मुंबईत लोक म्हणतील, काय हात आहेत. अण्णांची खाली गेलेली मान तेवढी वर येणार नाही.

हे काल लिहिलं. आज सकाळी तांबडं फुटताना उठले. दूध काढलं, चूल पेटवली. मग छपरातून तो मोठा भोपळा उतरवला, खळ्यातल्या पाटावर ठेवला आणि बापूंची करवत घेतली. देठाच्या खाली चार बोटं, जिथून कापला तर सतारीला तो पुन्हा कधी उपयोगी पडणार नाही, तिथून कापला. आतून सुरेख वाळला होता. हात घालून बिया काढल्या, सुपात पाखडल्या. एवढ्या मोठ्या भोपळ्यात बी ठेवायला चांगली जागा असते. वाया काही गेलं नाही. वांग्याचं, दोडक्याचं बी त्यात भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि उतरंडीशेजारी ठेवला.

हुसेनभाई गाडी घेऊन आले. पाट बघितला, सालीचा भुसा चिमटीत उचलून बघितला. “आवो, काय केलंत हे!”

मी भोपळ्याच्या मूठभर बिया फडक्यात बांधल्या आणि वरून तो गाठीचा दोरा गुंडाळला. माप त्यांचं होतं, ते त्यांना परत केलं.

“हे द्या त्यांना.”

“आन काय सांगू?”

“आषाढात टोका म्हणावं. चुंबळीवर बसवा, चार-आठ दिवसांनी फिरवा, पाचट पांघरा. आणि वेलावर वाळू द्या.”

मग त्यांच्या गाडीत बाकीचे भोपळे भरू लागले. ते हात लावायला आले, तर म्हटलं, तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही बसा.